लेसर एनग्रेव्हिंगला क्लॅम्प कोणता घ्यावा? आधी तुकड्याची जागा ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ६० वॉटची सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर मशीन, ९०० बाय ६०० एमएमचा बेड, तान्ह्या पोळ्यासाठी दीडशे लाकडी बैलांच्या खालच्या फळीवर मुलांची नावं कोरायची ऑर्डर. फळ्या सुताराकडून आलेल्या, सागवानाच्या, साधारण १५० बाय ६० एमएम, जाडी बारा. सी-क्लॅम्प लावून पाहिले, मॅग्नेट लावून पाहिले, तरी काही नावं तिरपी येऊन राहिली, काही एका टोकाला फिकट, अन् दोनदा लेसरचं हेड जाऊन क्लॅम्पला धडकलं. तर चांगले क्लॅम्प कोणते घ्यावे आणि व्हॅक्यूम टेबल, म्हणजे हवा ओढून तुकडा धरणारं टेबल, घ्यावं का, असा प्रश्न आहे.

मी नागपुरातच हेच काम करतो, नेमप्लेट, ट्रॉफी, गिफ्ट आयटम अन् पोळ्याच्या दिवसात बैल, त्यामुळे तुमची घाई कळते. पण क्लॅम्प घ्यायला इतवारीच्या बाजारात जायच्या आधी एक गोष्ट पाहा, तुमची फळी बहुतेक हलतच नाहीये. ती सुरुवातीपासूनच चुकीच्या जागी बसून राहिली आहे अन् क्लॅम्प तिला त्याच चुकीच्या जागी घट्ट धरून ठेवतो.

सीएनसी राउटरवर कटर लाकडाला ढकलतो, ओढतो, वर उचलतो, तिथे पकड कमी पडली तर तुकडा उडतो. म्हणून तिथले सगळे क्लॅम्प ताकदीचे असतात अन् आपण यूट्यूबवर तेच पाहून लेसरला लावतो. लेसरमध्ये किरण तुकड्याला ढकलत नाही, तो धक्का शून्यच धरा. तुकडा हलवणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच असतात. एक म्हणजे एअर असिस्टची, नोझलमधून तुकड्यावर येणारी हवा, पण ती कीचेन किंवा पातळ अॅक्रिलिकच्या अक्षरांना उडवते, सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या सागवानी फळीला नाही. दुसरं म्हणजे हेडचे झटके, रास्टरमध्ये, म्हणजे ओळीओळीनं कोरताना, हेड सेकंदाला तीनशे-चारशे एमएमच्या स्पीडनं जातं अन् प्रत्येक ओळीच्या शेवटी उलटं फिरतं, मशीनचे पाय लेव्हलला नसले की अख्खी बॉडी हलते अन् गुळगुळीत बेडवरचा हलका तुकडा हळूहळू सरकतो. तिसरं उष्णतेनं येणारा बाक, तो पातळ प्लाय अन् अॅक्रिलिकमध्ये. आणि चौथं आपला स्वतःचा हात, शेजारची फळी काढताना याला धक्का लागला अन् कळलंच नाही.

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते पाच मिनिटांत कळेल. एक वाया गेलेली फळी घ्या, बेडवर ठेवा, क्लॅम्प नको, काहीच नको, नुसती ठेवा. एखादं नाव कमी पॉवरनं चालवा. मग फळीला हात न लावता तेच नाव पुन्हा चालवा. दोन्ही एकावर एक तंतोतंत बसली तर फळी हलत नाही, विषय संपला. दुसरं नाव सरकून आलं तर मात्र आधी बेल्टचा ताण, मशीनचे पाय अन् आरशांचे स्क्रू बघा, क्लॅम्पनं ते दुरुस्त होणार नाही. माझा अंदाज, तुमची दोन्ही नावं बरोबर जुळतील.

म्हणजे तुमचे तीन दोष तीन वेगळ्या कारणांचे आहेत. तिरपं नाव म्हणजे फळीची कड मशीनच्या एक्स अक्षाला, म्हणजे हेड डावी-उजवीकडे जातं त्या दिशेला, समांतर नाही. फिकट टोक म्हणजे ते टोक फोकसच्या वर किंवा खाली आहे. धडक म्हणजे क्लॅम्प फळीच्या वर निघाला आहे. एका क्लॅम्पनं तिन्ही सुटणार नाहीत, पण एका जिगनं, म्हणजे फळी ठरलेल्या जागी बसवणाऱ्या साच्यानं, सुटतात, अन् ती जिग तुमचीच मशीन तुम्हाला कापून देईल.

आधी तिरपेपणा घेऊ. १५० एमएमच्या फळीचं एक टोक नुसतं २ एमएम सरकलं तर कोन होतो पाऊण डिग्री. ऐकायला काहीच नाही, पण नावाची शिरोरेषा अन् फळीची कड दोन्ही शेजारी शेजारी असतात म्हणून डोळा लगेच पकडतो. देवनागरीत तर जास्तच, कारण शिरोरेषा म्हणजे सरळ ओढलेली रेघच. इंग्रजी नावात पाऊण डिग्री खपून जाते, 'श्रीनिधी'मध्ये खपत नाही. नुसत्या डोळ्यानं किंवा लाल ठिपका बघून दीडशे वेळा इतकं बरोबर बसवणं कोणाच्याच हाताचं काम नाही. 

फिक्स्चर बनवणारे लोक याला तीन-दोन-एक म्हणतात. कोणत्याही तुकड्याची जागा पक्की करायला सहा टेकू पुरतात. तीन खालून, म्हणजे तो डुगडुगत नाही अन् उंची ठरते. दोन लांब कडेला, म्हणजे कोन ठरतो. एक आखूड कडेला, म्हणजे पुढे-मागे किती ते ठरतं. यापेक्षा जास्त ठिकाणी टेकवलं की तुकडा नेमका कुठे टेकून आहे ते तुम्हाला कळत नाही. चारी बाजूंनी घट्ट खण कापला अन् सुताराची फळी अर्धा एमएम मोठी निघाली की ती बसतच नाही, अर्धा एमएम छोटी निघाली की आत फिरते. म्हणून मशीनवर कापलेल्या, सगळ्या एका मापाच्या तुकड्यांना पूर्ण खण चालतो, पण हातकामाच्या फळीला फक्त कोपरा द्या अन् समोरून हलका दाब द्या.

त्या लांब कडेच्या दोन टेकूंबद्दल एक हिशोब सांगतो, कारण इथेच बहुतेक जिगा फसतात. टेकू एकमेकांपासून २० एमएमवर ठेवले अन् एका टेकूपाशी लाकडाची चिल्फी अडकली, समजा ०.२ एमएमची, तर फळीच्या १५० एमएम लांबीत तो फरक दीड एमएम होतो. तेच टेकू १२० एमएमवर ठेवले तर तीच चिल्फी फक्त पाव एमएमचा फरक पाडते. टेकू जितके लांब तितकी चूक लहान. अन् अख्खी कड टेकवू नका, दोनच उंचवटे ठेवा, मधे खाच सोडा, म्हणजे भुसा अन् कचरा खाचेत पडतो, फळीच्या आड येत नाही. कोपऱ्यातही एक चार-पाच एमएमचं गोल भोक पाडा, सुताराच्या फळीच्या कोपऱ्यावर हमखास कूस असते, ती त्या भोकात जाते अन् फळी दोन्ही कडांना नीट टेकते.

आता जिग कशी बनवायची. ६ एमएमचा एमडीएफ घ्या, बेडच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला पक्का बसवा. पक्का म्हणजे हनीकॉम्बवर, म्हणजे बेडच्या जाळीवर, नुसता ठेवून नाही, कारण हनीकॉम्ब स्वतःच फ्रेममध्ये दोन-तीन एमएम इकडे-तिकडे होतो. फ्रेमच्या लोखंडी कडेला दोन स्टॉपर बोल्ट करा, शीट त्यांना भिडवा. मग मशीननं त्याच शीटमध्ये एल आकाराचे कोपरे कापा, फळीची लांब कड एक्स अक्षात येईल असे. हे एक्स अक्षात ठेवायचं कारण असं की स्वस्त मशीनमध्ये एक्स अन् वाय नेहमी काटकोनात असतातच असं नाही. गँट्री, म्हणजे हेड वाहणारा आडवा दांडा, थोडी तिरपी असली तरी एक्समध्ये कापलेली कड अन् एक्समध्ये कोरलेली शिरोरेषा एकमेकींना समांतरच राहतात, कारण दोन्ही एकाच रेलवरून निघाल्या. मशीननं स्वतः कापलेल्या जिगचा हाच मोठा फायदा आहे, गुण्या लावत बसायची गरज नाही. शीट एकदा कापली की काम संपेपर्यंत ती जागची हलवायची नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मग स्टार्ट पॉइंट अॅब्सोल्युट ठेवा. बरेच जण करंट पोझिशन किंवा यूजर ओरिजिनवर चालवतात अन् दर वेळी हेड हातानं नेऊन ठेवतात, मग जिग कितीही चांगली असली तरी उपयोग काय. मशीन होम झाली की तिला कोपरा कुठे आहे ते माहीत असतं, फाइलमध्ये खणांची चित्रं वेगळ्या लेयरवर ठेवा, आउटपुट बंद, अन् नावं त्या खणांत मांडा. नावांची एक्सेल यादी असेल तर लाइटबर्न या लेसरच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएसव्हीवरून नावं आपोआप भरता येतात. अन् प्रत्येक खणाशेजारी एमडीएफवर नंबर कोरून ठेवा, एक ते वीस. मुलांच्या नावांचं काम आहे, एक नाव गळलं की एका पोराचा पोळा हिरमुसतो, यादी अन् खण नंबरनं जुळवले की तपासणं सोपं जातं.

कर्फ, म्हणजे कापात जळून जाणारी रुंदी, विसरू नका. सीओटूचा काप साधारण ०.१ ते ०.२ एमएम रुंद असतो, त्यामुळे कापलेला खण चित्रापेक्षा तेवढाच मोठा होतो अन् आतून पडलेला तुकडा तेवढाच लहान. एल कोपऱ्याला याचा काही त्रास नाही, फार तर एक दशांश एमएमनं सगळीच नावं सारखी सरकतील अन् ती फाइलमध्ये एकदाच दुरुस्त करता येतात. पूर्ण खण करणार असाल तर मात्र पाव एमएमची ढील ठेवा, बोट घालायला अर्धगोल खाच ठेवा, नाहीतर फळी काढताना चाकूनं उचकटावी लागेल अन् कड खराब होईल.

दाब कसा द्यायचा? मी पाचर वापरतो. त्याच एमडीएफमधून दहास एक उताराच्या लांब पाचरा कापून घ्यायच्या, फळीच्या समोरच्या कडेला एक उतरता गाल ठेवायचा अन् अंगठ्यानं पाचर सरकवायची. बास. इतक्या कमी उतारावर ती आपोआप सुटत नाही अन् हातोडीची गरजही नाही. पाचर फळीच्या वर येत नाही म्हणून हेडला धोका नाही. काही जण जिगमध्येच लवचिक बोट कापतात, स्प्रिंगसारखं, ते प्लायमध्ये टिकतं, एमडीएफमध्ये काही दिवसांत मोडतं, अॅक्रिलिकमध्ये तर पहिल्याच जोरात. रबर बँडही चालतो, दोन खुंट्यांना अडकवून. फळी कोपऱ्यात ढकलली जाते एवढंच काम आहे, जोर नको.

आता फिकट टोकाकडे येऊ, माझ्या मते तुमची खरी अडचण इथे आहे. दोन इंची लेन्सला, म्हणजे ५० एमएमच्या, चांगलं फोकस साधारण दोन-अडीच एमएमच्या पट्ट्यातच मिळतं. त्याच्या बाहेर ठिपका पसरतो, तीच पॉवर जास्त जागेवर वाटली जाते अन् लाकूड काळं व्हायच्या ऐवजी तपकिरी होतं. सुताराच्या बारा एमएमच्या फळ्या व्हर्निअरनं मोजून बघा, अकरापासून साडेतेरापर्यंत निघतील, रंधा मारलेल्या असल्या तरी. वर काहींना बाक असतो. सी-क्लॅम्पनं दोन्ही टोकं आवळली की बाकवाली फळी मधे फुगलेलीच राहते, किंवा खालचा हनीकॉम्बच दबतो अन् तिथे कायमचा खड्डा पडतो. म्हणजे ज्या क्लॅम्पनं सरळ व्हायला हवं होतं त्यानंच फोकस बिघडवला.

आपल्याला फळीचा तळ एका उंचीवर नकोय, वरची बाजू एका उंचीवर हवी आहे, कारण कोरायचं वर आहे. सगळे लोक तळ टेकवतात अन् जाडीतला सगळा फरक वरच्या बाजूला येतो. ते उलटं करा. जिग दोन थरांची बनवा. वरचा थर २ किंवा ३ एमएमच्या एमडीएफचा, त्यात फळीपेक्षा लहान खिडक्या, म्हणजे फळीच्या कडांवर चारी बाजूंनी तीन-चार एमएमचा ओठ येईल. फळी खालून वर ढकलायची, ती ओठाला जाऊन टेकते. खालून ढकलायला जाड नमदा, रबर शीट किंवा स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या दोन-तीन घड्या. आता फळी अकराची असो की तेराची, वरची बाजू नेहमी ओठाच्या खालच्या पातळीला, अन् फोकस एकदाच लावायचं. मोठा बाक असलेली फळी तरीही चुकेल, ती वेगळी काढा अन् सुताराला परत द्या.

यात दोन अटी आहेत. ओठ किती जाड चालेल ते तुमच्या नोझलवर अवलंबून आहे, बऱ्याच मशीनला फोकसमध्ये असताना नोझल अन् तुकडा यांच्यात सहा-आठ एमएमचीच फट असते, तेव्हा ३ एमएमचा ओठ बसतो, ६ चा नको. अन् तो रबर किंवा नमदा फळीनं पूर्ण झाकलेला असला पाहिजे, किरण त्याच्यापर्यंत पोचता कामा नये. एखाद्या खणात फळी ठेवायची राहिली अन् मशीन त्या खणात नाव कोरायला लागली तर खाली रबर जळेल. म्हणून रिकाम्या खणात एमडीएफचा तुकडा टाकायचा नियमच ठेवा. आणि मशीन चालू असताना शेजारी माणूस पाहिजे, चहाला जायचं नाही. लाकूड अन् एमडीएफची जिग, त्यात हवेचा झोत, आग लागायला वेळ लागत नाही.

ज्यांना दोन थरांची जिग करायची नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग म्हणजे लांब फोकसची लेन्स. फोकल लेंग्थ दुप्पट केली की ठिपका दुप्पट होतो, पण फोकसचा पट्टा जवळपास चौपट होतो. मोठ्या जाड अक्षरांना चार इंची लेन्स चालून जाते. बारीक नक्षी किंवा फोटो असेल तर नाही. अन् तिसरा मार्ग सगळ्यात सोपा, फळ्या मोजून जाडीप्रमाणे तीन ढीग करा अन् प्रत्येक ढिगाला फोकस वेगळा लावा. दीडशे फळ्यांना हे अगदीच करण्यासारखं आहे, हजार असत्या तर मी नाही सांगितलं असतं.

धडकेबद्दल. नाव ८० एमएमचं असलं तरी हेड ८० एमएमच चालत नाही. रास्टरमध्ये ते नावाच्या दोन्ही बाजूंना पुढे जाऊन, थांबून, वळून परत येतं, स्पीड जितका जास्त तितकं लांब जातं. फ्रेम घेऊन पाहिलं तर ती फक्त नावाचा चौकोन दाखवते, हे पुढे जाणं दाखवत नाही, म्हणून फ्रेमला सुटलेला क्लॅम्प कामाला लागल्यावर धडकतो. तुमचं दोनदा असंच झालं असणार. मी माझ्या माणसांना एकच नियम दिलाय, कोरायच्या पृष्ठभागाच्या वर काहीही दिसलं की स्टार्ट दाबायचं नाही. ओठ तेवढा अपवाद, कारण त्याची उंची आपण मोजलेली असते. अन् धडक झाली असेल तर पुढचं काम घ्यायच्या आधी आरसे अन् लेन्सचं अलाइनमेंट तपासा, नोझल जरा जरी वाकडं झालं असलं तरी किरण त्याच्या भोकाच्या कडेला घासतो अन् पॉवर कमी पडते. तुमचं फिकटपण धडकेनंतर वाढलंय का हे आठवून पाहा.

आतापर्यंतचं जमवून घेतो. दोनदा कोरून हलतंय का ते बघा, फळ्या मोजा, एल कोपरा अन् पाचर, वरून ओठ, खालून रबर, अॅब्सोल्युट ओरिजिन. क्लॅम्प यात कुठेच आला नाही.

जिगच्या मटेरियलबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण आपल्या नागपूरच्या हवेत हे महत्त्वाचं आहे. तान्हा पोळा श्रावण अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन पावसाळ्यात. एमडीएफ त्या दिवसांत ओल शोषतो, जाडीत फुगतो, मोठी शीट कडेनं वर उचलते. मागच्या वर्षीची जिग भिंतीला टेकवून ठेवली असेल तर ती सरळ राहिली असेल असं धरू नका, दोन दिवस आधी नवीन कापा, अर्ध्या शीटचा खर्च आहे. मग कोणी म्हणेल अॅक्रिलिकची करू, ती फुगत नाही. खरं आहे, पण अॅक्रिलिक उन्हानं वाढतं. दर मीटरला दर डिग्रीला साधारण ०.०७ एमएम. आपल्याकडे थंडीतली सकाळ दहा-बारा डिग्रीची अन् मे महिन्यात दुपारी ४५ च्या वर, टिनाच्या शेडमध्ये अजून जास्त. तीस डिग्रीचा फरक धरला तरी ६०० एमएमच्या जिगमध्ये सव्वा एमएम झाला, म्हणजे डिसेंबरात कापलेल्या जिगचा पहिला खण बरोबर अन् शेवटचा सव्वा एमएम सरकलेला. वर्षभर वापरायची लांब जिग असेल तर अॅल्युमिनियमची पट्टी घ्या, तिचं वाढणं अॅक्रिलिकच्या एक तृतीयांश. छोटी, दोन-चार खणांची जिग असेल तर अॅक्रिलिकच चांगली, स्वच्छ राहते, कड झिजत नाही.

अन् एक गोष्ट हात जोडून सांगतो. फ्लेक्सवाल्यांकडे, साइनबोर्डवाल्यांकडे सनबोर्डचे तुकडे फुकट मिळतात, हलके, सपाट, कापायला सोपे, म्हणून काही जण त्याच्याच जिगा बनवतात. सनबोर्ड म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम. पीव्हीसीवर लेसर पडला की हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो छातीत जातो अन् मशीनच्या रेल, बेअरिंग, आरसे सगळ्याला गंज चढवतो. रेक्झिन तसंच, बाजारातले बरेच डब्ल्यूपीसी बोर्ड तसेच, इलेक्ट्रिकची काळी टेपही तशीच. शंका असेल तर तांब्याची तार पकडीत धरून ज्योतीत लाल करा, त्या प्लास्टिकला टेकवा म्हणजे थोडं चिकटेल, अन् तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो तुकडा मशीनजवळ आणू नका. हे उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून करा.

मग क्लॅम्पचा काहीच उपयोग नाही का? आहे, पातळ शीटला. ३ एमएमचा प्लाय पावसाळ्यात पापडासारखा वाकतो, त्याला चारी कडांनी खाली दाबावंच लागतं. तिथे हनीकॉम्बच्या खुंट्या सगळ्यात उत्तम, टी आकाराच्या, प्लायमधून कापायच्या, पाय हनीकॉम्बच्या भोकात रुतवायचा अन् डोकं शीटला दाबून धरतं, वर फक्त तीन-चार एमएम निघतं. भोकाचं माप प्रत्येक बेडचं वेगळं असतं, पाय थोडा निमुळता कापा अन् एक-दोन कापून आधी बसवून बघा. मॅग्नेट चालतात, पण बेड लोखंडी असेल तरच, अॅल्युमिनियमच्या हनीकॉम्बला ते धरतच नाहीत. तुमचे मॅग्नेट धरत नसतील तर हेच कारण, इतवारीतल्या लोहाओळीतून लोखंडी पत्रा आणून खाली टाकला तर धरतील, पण तो एनग्रेव्हिंगपुरताच, कापायचं असेल तर पत्र्यावरून किरण परत येऊन खालची बाजू जळते. साधे निओडिमियम मॅग्नेट ८० डिग्रीच्या वर गेले की ताकद कायमची गमावतात, म्हणून कापाच्या रेघेजवळ ठेवू नका. डबल टेप मी छोट्या अॅक्रिलिकला वापरतो, लाकडाला नाही, कारण काढताना रेशे निघतात. टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडा दाबला की आवळणारा, चांगली वस्तू आहे, पण उंच असते, ती रोटरीच्या, म्हणजे गोल वस्तू फिरवत कोरायच्या साधनाच्या, ठोकळ्याला किंवा फायबर मशीनच्या टेबलाला शोभते.

फायबर, म्हणजे धातूवर कोरणाऱ्या गॅल्व्हो मशीनचं गणित वेगळं आहे. तिथे हेड जागेवर उभं असतं, आतले आरसे फिरतात, त्यामुळे झटकेच नाहीत. आपल्या शेजारी भंडाऱ्याला पितळेचं मोठं काम चालतं, तिथल्या तांब्या-ताटांवर नावं टाकायची कामं माझ्याकडे येतात. पितळेत खोल कोरायला तीच जागा परत परत मारावी लागते, म्हणून तुकडा केसभरही सरकू नये, तिथे व्ही ब्लॉक (व्ही खाचेचा ठोकळा) अन् टॉगल क्लॅम्प दोन्ही लावतो. चकचकीत क्लॅम्प किरणाच्या वाटेत येऊ देऊ नका, परावर्तन कुठे जाईल सांगता येत नाही, अन् चष्मा १०६४ नॅनोमीटरचाच पाहिजे. डायोड मशीनबरोबर येणारा चष्मा तिथे कामाचा नाही. गोल भांड्याला रोटरी. हँडलवाला मग रोलरवर एका बाजूला जड होऊन घसरतो, त्याला चकवालीच, म्हणजे जबड्यात पकडणारी, रोटरी बरी. निमुळत्या बाटलीला मधला अक्ष लेव्हल करायचा नाही, वरची रेघ लेव्हल करायची.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती सांगा, फळ्या सुट्या आहेत की त्यावर बैल अन् चाकं लागली आहेत? सुट्या असतील तर वरचं सगळं जसंच्या तसं करा, अन् सुताराला सांगा की नाव झाल्यावरच बैल बसव. लागलेल्या असतील तर वर कोरताच येणार नाही, बैल नोझलला लागेल. मग नाव फळीच्या लांब बाजूच्या जाडीवर टाकावं लागेल, बारा एमएमची पट्टी असते, आठ एमएमची अक्षरं बसतात. त्यासाठी फळी आडवी करून, बैल बाजूला लटकेल अशी उंच चौकट करावी लागते, बेड पूर्ण खाली घ्यावा लागतो, अन् बैलाचं शिंग किंवा चाक फळीच्या त्या कडेच्या पुढे आलं असेल तर तेही अडतं. मी असं काम घेतलं तर एका वेळी चार-सहाच लावतो अन् भाव जास्त सांगतो.

व्हॅक्यूम टेबल घेऊ नका, निदान या कामासाठी. ते सपाट, मोठ्या, भोकं नसलेल्या शीटला धरतं. साठ एमएमच्या फळीखाली ओढायला जागाच किती, अन् वीस फळ्यांच्या मधल्या फटीतून सगळी हवा निघून जाते. तेवढ्या पैशात चार इंची लेन्स, दोन एमडीएफ शीट अन् एक चांगला व्हर्निअर येतो. आज वीस फळ्या मोजून जाडीचे आकडे इथे टाका. फरक एक एमएमच्या आत असेल तर दुसरा थर करायची गरज नाही, नुसता एल कोपरा कापून उद्याच काम सुरू करता येईल. जास्त असेल तर नोझल अन् फळीतली फट मोजून तीही लिहा, ओठ दोनचा ठेवायचा की तीनचा ते त्यावरून सांगतो.